हिवाळ्यात दिवसेंदिवस वीज नसते तेव्हा: श्रद्धा आणि शेजार यांविषयी वाचकांचे प्रश्न

कडाक्याच्या थंडीत वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाल्यावर आपण कशाच्या आधाराने दिवस काढले, असे आम्ही वाचकांना विचारले होते. आलेल्या पत्रांत अनुभवांपेक्षा प्रश्नच अधिक होते. त्यांतील काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात गोठणाऱ्या पावसानंतर आमच्या भागात आठवड्याहून अधिक काळ वीज नव्हती. आम्ही सगळे एकाच खोलीत राहत होतो. सासूबाई सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला बसत आणि आम्हालाही बसवत. महाविद्यालयात शिकणारा माझा मुलगा म्हणाला, “प्रार्थनेने तुटलेली तार जोडली जात नाही, ही केवळ मनाची समजूत आहे.” सासूबाई दुखावल्या. मला दोघांचेही पटते. अशा वेळी श्रद्धेचा नेमका उपयोग काय?

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे खरे आहे, आणि सासूबाईंनी केले तेही योग्यच होते, दोघे दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत होते, म्हणून वाद झाला. तारेपासूनच सुरुवात करू. जमिनीपासून काही उंचीवर उबदार हवेचा थर आणि जमिनीलगत शून्य अंशाखालील थंड हवेचा थर असला, की वरून येणारे पावसाचे थेंब खाली पोहोचेपर्यंत द्रवरूपच राहतात, पण तार, फांदी किंवा खांब यांना स्पर्श होताच तत्काळ गोठतात. तासामागून तास असा पाऊस पडत राहिला, तर तारेवर तिच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट बर्फ साचतो. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या पूर्व भागात आणि अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत हेच घडले. एकट्या क्वेबेक प्रांतात सुमारे १४ लाख ग्राहकांची वीज गेली, सुमारे १ हजार पोलादी मनोरे आणि ३० हजारांहून अधिक लाकडी खांब कोसळले, आणि काही भागांत वीज परत येण्यास महिन्याहून अधिक काळ लागला. दुरुस्तीलाही एक क्रम असतो : आधी उच्चदाब वाहिन्या, मग उपकेंद्रे, त्यानंतर रुग्णालये, पाणीपुरवठा अशा अत्यावश्यक सेवा आणि एका दुरुस्तीत अनेक घरे उजळतील अशा वाहिन्या, आणि सर्वांत शेवटी एखाद्या गल्लीच्या टोकाचे एकटे घर. हा क्रम घरातील सर्वांना ठाऊक असला, तर पलीकडच्या रस्त्यावर दिवे लागले आणि आपल्याकडे नाही, याचा राग बराच कमी होतो.

आता सासूबाईंकडे वळू. अशा काळात माणसाला थंडीइतकाच त्रास देते ते मुदत नसलेले थांबणे. वीज परवा येणार असे नक्की कळले, तर माणूस परवापर्यंत कळ काढतो. परंतु ‘लवकरच’ हा शब्द दररोज ऐकावा लागला की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मन खचू लागते. त्यात दिवस लहान, रात्र मोठी, शाळा व कामाची ठिकाणे बंद. त्यामुळे झोपण्या-उठण्याचे ताळतंत्र राहत नाही आणि घरातील प्रत्येकजण आपापल्या पांघरुणात वेगळा होतो. सासूबाईंच्या दोन वेळच्या प्रार्थनेने आपल्या घराला दोन ठरलेल्या वेळा दिल्या. त्या वेळी सगळे एकत्र आले, कोण आले नाही हे लगेच लक्षात आले, कोणाला खोकला आहे आणि कोण गप्प झाले आहे हे दिसले. ज्यांची श्रद्धा आहे त्यांना याशिवायही काही मिळते : आपल्या हातात नसलेल्या गोष्टीचा भार काही काळ दुसऱ्या कोणावर सोपवता येतो आणि हातात असलेल्या कामासाठी बळ उरते. ओहायोतील बोलिंग ग्रीन विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी संकटकाळातील धार्मिक आधाराचा अनेक वर्षे अभ्यास केला. आपण एकटे नाही आणि देव आपल्या प्रयत्नांत सोबत आहे, अशा धारणेने संकटाकडे पाहणाऱ्यांना ते सोसणे तुलनेने सोपे जाते, असा त्या अभ्यासाचा एकूण रोख आहे.

मुलाला आमची एक सूचना सांगा. पुन्हा असा प्रसंग आला तर प्रार्थना संपताच दहा मिनिटे त्याने घ्यावीत. बॅटरीवरच्या रेडिओवरील सूचना वाचून दाखवाव्यात, घरातील औषधे, पाणी आणि इंधन यांचा हिशेब सांगावा आणि दुसऱ्या दिवसाची कामे वाटावीत. सासूबाईंनाही एक विनंती करावीशी वाटते. खोलीचे तापमान उतरतच राहिले, घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असले, तर ‘देव पाहून घेईल’ म्हणून घरातच बसून राहू नये. उबदार निवाऱ्यात वेळेवर हलणे यात श्रद्धेला उणेपणा येत नाही.

प्रश्न : आमच्या प्रार्थनासभेतील एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, की ही वीज जाणे म्हणजे आपल्या पापांची शिक्षा आहे. तेव्हापासून माझी आई सतत रडते. तिला काय सांगावे?

उत्तर : तिला स्पष्टपणे सांगावे, की ते विधान चुकीचे आहे आणि ते कोणाच्या तोंडून आले यामुळे बरोबर ठरत नाही. पार्गमेंट यांच्याच अभ्यासाची दुसरी बाजू येथे उपयोगी पडते. देवाने आपल्याला टाकले, देव आपल्याला शिक्षा करतो आहे, अशा विचारांत अडकलेल्या माणसांचे हाल श्रद्धेमुळे कमी न होता वाढतात. आजारी वृद्धांवरील त्यांचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर असे दाखवतो, की असा धार्मिक संघर्ष मनात असलेल्या रुग्णांत पुढील दोन वर्षांतील मृत्यूचा धोका अधिक होता. तेव्हा आईचे रडणे हळवेपणा म्हणून सोडून देऊ नये. तिच्या विश्वासातील एखाद्या समंजस धर्मोपदेशकाशी तिची भेट घडवून आणावी; त्याच्या तोंडून ऐकलेले तिला आमच्या छापील उत्तरापेक्षा अधिक पटेल.

त्या गृहस्थांसाठीही एक गोष्ट येथे नोंदवतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास राज्यात थंडीची लाट आली आणि ४५ लाखांहून अधिक घरे व आस्थापनांची वीज गेली. राज्याच्या आरोग्य विभागाने या आपत्तीत २४६ मृत्यू झाल्याचे नोंदवले आणि त्यांतील बहुतांश शरीर गारठल्यामुळे झालेले होते. वीजनिर्मिती केंद्रांतील यंत्रणा गोठली, वायूच्या विहिरी आणि वाहिन्या गोठल्या, वायूपुरवठा करणाऱ्या यंत्रणेचीच वीज तोडली गेल्याने निर्मिती आणखी घटली. ही यंत्रणा थंडीसाठी सज्ज करावी, अशी शिफारस २०११ मधील अशाच संकटानंतर तेथील केंद्रीय नियामकांनी केली होती. अशा घटनेला दैवी शिक्षा म्हटले, की ज्यांनी ते काम करायचे होते ते अलगद सुटतात आणि जी आई घरात कुडकुडत होती तिच्यावरच दोष येतो. हा न्याय कोणत्याही धर्मात बसत नसावा.

प्रश्न : पुढील हिवाळ्यात वीज गेली तर आमच्या प्रार्थनास्थळाचे सभागृह परिसरातील सर्वांसाठी उघडावे, असा आमच्या विश्वस्तांचा विचार आहे. तयारी काय करावी? अन्य धर्मांचे किंवा कोणताही धर्म न मानणारे लोक आले तर त्यांनी प्रार्थनेत सहभागी व्हावे का?

उत्तर : विचार उत्तम आहे, परंतु अशा ठिकाणी थंडीइतकाच धोका ऊब मिळवण्याच्या प्रयत्नातून निर्माण होतो, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. जनरेटर, कोळशाची शेगडी, उघड्यावर वापरायची गॅसची शेगडी यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो, त्यामुळे शरीर आतल्या आत गुदमरते. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, अशक्तपणा ही त्याची लक्षणे फ्लूसारखी असतात, मात्र ताप नसतो. आणि झोपलेल्या माणसाला तर कोणतेच लक्षण जाणवत नाही. १९९८ मध्ये कॅनडात आणि २०२१ मध्ये टेक्सासमध्येही या वायूने माणसे दगावली. म्हणून जनरेटर सभागृहात, तळघरात किंवा जोडलेल्या गॅरेजमध्ये दार उघडे ठेवूनसुद्धा चालवू नये. तो इमारतीपासून किमान ६ मीटर दूर, खिडक्या-दारांकडे धूर येणार नाही अशा दिशेने ठेवावा. बॅटरीवर चालणारे कार्बन मोनॉक्साइडचे सूचकयंत्र प्रत्येक मजल्यावर हवे. एकाच वेळी अनेकांचे डोके दुखू लागले, तर कारण शोधत बसू नये. सर्वांना ताबडतोब उघड्या हवेत न्यावे आणि मगच आपत्कालीन सेवेला बोलवावे.

जनरेटर भिंतीतील सॉकेटला जोडून इमारतीत वीज खेळवण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास वीज उलट्या दिशेने बाहेरच्या वाहिनीत जाते आणि तार दुरुस्त करणाऱ्या कामगाराचा जीव जाऊ शकतो. ज्याच्या येण्याची आपण वाट पाहतो आहोत, त्याच्याच जिवाशी हा खेळ होतो. त्यासाठीचा स्वतंत्र बदल-स्विच, म्हणजे जनरेटर चालू असताना इमारतीची बाहेरच्या वाहिनीशी असलेली जोडणी तोडणारा स्विच, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून हिवाळ्यापूर्वीच बसवून घ्यावा.

यानंतर माणसांची यादी. माझ्या मते संपूर्ण तयारीतील सर्वांत मोलाची वस्तू हीच आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. परिसरात एकटे कोण राहते, कोणाकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा झोपेत श्वासासाठी लागणारे यंत्र आहे, कोणाला डायलिसिसला जावे लागते, कोणाच्या घरी तान्हे मूल आहे, कोण इन्सुलिन घेते, हे त्या व्यक्तींच्या संमतीने कागदावर लिहून ठेवावे. कागदावर म्हणण्याचे कारण असे, की फोनची बॅटरी संपल्यावर त्यातील यादीचा उपयोग नसतो. यादीतील प्रत्येक घरासाठी एक माणूस ठरवावा आणि तो स्वतःच अडकला तर दुसरा कोण, हेही ठरवावे. इन्सुलिनच्या बाबतीत थंडीत लोकांची एक चूक होते : फ्रिज बंद आहे म्हणून ते खिडकीबाहेर ठेवले जाते. गोठलेले इन्सुलिन वितळल्यानंतरही निरुपयोगी असते. त्यापेक्षा ते अंगाजवळच्या कपड्यांच्या पिशवीत ठेवणे चांगले, आणि वापरात असलेली बाटली बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते. आपल्या औषधाच्या वेष्टनावरील सूचना आधीच वाचून ठेवावी.

संपूर्ण सभागृह उबदार ठेवण्याचा अट्टहास धरू नये. कमी उंचीची, कमी खिडक्यांची एखादी खोली निवडावी, दारांच्या फटी कापडाने बुजवाव्यात आणि झोपणाऱ्यांच्या खाली जाड अंथरूण असावे, कारण थंड फरशी अंगातील उष्णता झपाट्याने ओढून घेते. मात्र ज्या खोलीत इंधनावर चालणारे हीटर असेल तेथे हवा खेळती हवी. फटी बुजवण्याचा सल्ला त्या खोलीला लागू नाही. नळ अगदी बारीक धारेने सुरू ठेवले तर पाइप गोठून फुटण्याची शक्यता कमी होते. फोन चार्ज करण्यासाठी स्वतंत्र टेबल ठेवून वेळा ठरवून दिल्या, तर भांडणे टळतात; हे लहानसे वाटेल, पण अशा निवाऱ्यांतील बहुतेक कुरबुरी तेथेच सुरू होतात.

प्रार्थनेविषयीचा आपला प्रश्न आम्हाला आवडला, कारण तो बहुधा विचारलाच जात नाही. उत्तर : मुळीच नको. प्रार्थना ठरलेल्या वेळी आणि शक्यतो वेगळ्या कोपऱ्यात किंवा खोलीत व्हावी, तिची वेळ फलकावर लिहावी, आणि कोणी आले नाही तर कारण विचारू नये. ऊब, पाणी, झोपण्याची जागा यांपैकी काहीही प्रार्थनेवर अवलंबून आहे असे नुसते सुचवणेही टाळावे. युक्रेनमध्ये २०२२ च्या हिवाळ्यात वीजव्यवस्थेवर हल्ले झाल्यानंतर शाळांत, सरकारी इमारतींत आणि तंबूंत हजारो ‘अजिंक्यता केंद्रे’ उघडली गेली; तेथे ऊब, पाणी, फोन चार्जिंग, इंटरनेट आणि प्रथमोपचार कोणालाही विनामूल्य मिळत. आपल्या सभागृहाचे दार तितकेच मोकळे असावे. एक मात्र सुचवतो : आलेल्या परक्या माणसालाही काम द्यावे. पाणी भरणे, मुलांना गोष्ट सांगणे, नोंदवही सांभाळणे, काहीही चालेल. ज्याला काम मिळते त्याला आपण कोणाच्या दयेवर आहोत असे वाटत नाही.

प्रश्न : प्रार्थनेच्या वेळी मेणबत्त्या लावलेल्या चालतील का?

उत्तर : गर्दीच्या, पांघरुणांनी भरलेल्या खोलीत नकोच. बॅटरीवरचे दिवे वापरावेत. ज्योत लावणे उपासनेचा भागच असेल तर एकच ज्योत, रुंद व न कलंडणाऱ्या पात्रात, लहान मुलांपासून दूर ठेवावी. एका जागत्या माणसाने तिच्याजवळून हलू नये आणि झोपण्यापूर्वी ती विझवावी.

प्रश्न : शेजारी एक आजोबा एकटे राहतात. ते नास्तिक आहेत. वीज गेली की आम्ही त्यांना आमच्या उपासनामंदिरातील निवाऱ्यात बोलावतो, पण ते म्हणतात, “मला तुमच्या देवाची ऊब नको.” त्यांच्यासाठी काय करावे?

उत्तर : प्रथम, त्यांच्या वाक्यावर रागावू नये. आयुष्यभर जपलेली मते थंडी पडली म्हणून माणूस बदलत नाही, आणि बदलावीत अशी अपेक्षा करणे योग्यही नाही. निवारा उपासनामंदिरात आहे हीच अडचण असेल, तर त्यांना आपल्या घरी बोलवावे किंवा सार्वजनिक निवाऱ्यात पोहोचवावे. तेही नको असेल, तर दिवसातून दोन-तीन ठरलेल्या वेळी त्यांचे दार ठोठवावे आणि जाताना एखादे खरे काम घेऊन जावे. रेडिओ दुरुस्त करून हवा आहे, जुन्या वादळाच्या वेळी काय केले होते ते सांगा, अशा निमित्ताने दार अधिक सहज उघडते.

मात्र त्यांच्या नकाराकडे दरवेळी मत म्हणूनच पाहू नये, हे महत्त्वाचे आहे. वार्धक्यात थंडीची जाणीवच बोथट होते. जागतिक आरोग्य संघटनेने थंड हवामानात घरातील तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे असे म्हटले आहे. वीज नसलेल्या घरात ते त्याच्या बरेच खाली जाते आणि वृद्ध माणूस शांतपणे खुर्चीत बसून राहतो. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की आधी जोराची थरथर, मग बोलणे अडखळणे, हातातून वस्तू पडणे, गोंधळ आणि गुंगी अशी लक्षणे दिसतात. थरथर थांबली म्हणजे माणूस सावरला असे नाही. ते प्रकृती बिघडत चालल्याचे चिन्ह असू शकते. कालपर्यंत तर्कशुद्ध वाद घालणारे आजोबा आज असंबद्ध कारणे देऊन नकार देत असतील, तर तो नकार थंडीचा आहे असे समजावे आणि वैद्यकीय मदत बोलवावी. तोपर्यंत ओले कपडे बदलावेत, छाती, मान, डोके हा भाग आधी कोरड्या पांघरुणाने उबदार करावा, शुद्धीवर असतील आणि नीट गिळता येत असेल तर कोमट गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत, मद्य देऊ नये.

जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी तेथील लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्हींत गरिबी होती आणि एकटे राहणारे वृद्धही होते, तरीही मृत्यूचे प्रमाण एकीत पुष्कळ अधिक होते. जेथे रस्त्यावर वर्दळ, दुकाने आणि ओळखीपाळखी होत्या, तेथे वृद्ध घराबाहेर पडत आणि त्यांची चौकशी होई. ती लाट उष्णतेची असली तरी बंद दाराआड एकटे राहिल्याने जीव जातो, ही गोष्ट थंडीलाही लागू आहे. आजोबांच्या बाबतीत आपली श्रद्धा आपल्याला त्यांच्या दारापर्यंत नेते आहे, एवढे पुरेसे आहे. तिने दाराच्या आत पाऊल टाकण्याची गरज नाही.

प्रश्न : वीज आली तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि तासाभरात सभागृह रिकामे झाले. मला मात्र उदास वाटले. त्या दिवसांत आम्ही सर्व इतके जवळ आलो होतो. आता रस्त्यात दिसलो तरी नुसती मान हलवतो. संकट संपल्याचे दुःख होणे विचित्र आहे का?

उत्तर : विचित्र नाही. आपत्तीनंतर लोकांना असे वाटल्याचे अनेकदा आढळते, कारण एरवी न मिळणारी उपयुक्तता आणि सोबत त्या दिवसांत मिळालेली असते. परंतु ती जवळीक तशीच टिकवण्याचा हट्ट धरू नये. ज्यांच्या घरी पाइप फुटले, ज्यांची मजुरी बुडाली, ज्यांचे माणूस आजारी पडले, त्यांना ते दिवस आठवावेसेही वाटत नसतील, आणि त्यांच्यासमोर त्या दिवसांचे गोडवे गायल्याने ते दुखावतील.

त्यापेक्षा एक मर्यादित काम हाती घ्यावे. वीज आल्यापासून महिन्याभरात, आठवणी ताज्या असतानाच, त्या सर्वांना एकदा बोलवावे आणि कोणाकडे कोण गेले नाही, कोणती औषधे संपली, जनरेटर कोठे ठेवला होता, कोणाला प्रार्थनेच्या आवाजाचा त्रास झाला, हे विचारून लिहून घ्यावे. तक्रारी आधी ऐकाव्यात, कौतुक नंतर. ती यादी दरवर्षी थंडी सुरू होण्यापूर्वी बाहेर काढावी, बदललेले पत्ते व यंत्रे नोंदवावीत, सूचकयंत्रांच्या बॅटऱ्या तपासाव्यात. यासाठी वर्षातून दोन भेटी पुरतात. ज्यांना त्याहून अधिक भेटावेसे वाटेल ते आपोआप भेटू लागतील. आपणही मान हलवून पुढे जाण्याऐवजी थांबून त्यांच्या पाइपचे काय झाले ते विचारावे.